वरच्या शेताचे नाव

३ ऑक्टोबर
गावच्या सभागृहात लावायच्या नकाशाचे काम समितीने टूलनला दिले. गुरांच्या डॉक्टरला! धर्मगुरूपदावरून सेवानिवृत्त होऊन मी जन्मगावी परतलो तो याच ध्यासाने — इथल्या प्रत्येक टेकडीचे, प्रत्येक शेताचे नाव मुळापासून शोधावे. आमच्या गावाचे नाव ड्रमकील म्हणजे जुन्या भाषेत टेकडीचा अरुंद कणा, हे या लोकांना वेदीवरून मीच सांगितले.

७ ऑक्टोबर
टूलन घरोघरी चहा पितो आणि नावे घेऊन निघतो. मी गेलो की ठेवणीतल्या कपबश्या निघतात आणि गोष्टी हवापाण्याच्या होतात. माझा स्वयंपाक पाहणारी अट्रॅक्टा म्हणाली, "त्याच्यासमोर शिवी देता येते, फादर. तुमच्यासमोर लोक जीभ धुऊन बसतात."

१२ ऑक्टोबर
बायबलमधला, तरुण दाविदाचे गुणगान ऐकून राजा शौलाचे मन मत्सराने कडू झाले, तो अध्याय वाचला. शौलाची बाजू प्रथमच पटली. क्षमा कर, प्रभो.

१९ ऑक्टोबर
नकाशा पाहिला. सुबक आहे — लिहिताना हात जड होतो.

आमच्या घरामागच्या शेताचे नाव मी लहानपणापासून विचारत आलो. वडील म्हणत, "वरचं शेत. दुसरं काय?" शेजारीही तेच सांगत. नकाशावर मात्र टूलनच्या अक्षरात आहे — पार्क ना लानव. बाळांचे शेत.

अर्थ सांगावा लागला नाही. बाप्तिस्म्याआधी मेलेल्या बाळांना आमच्या चर्चने पवित्र भूमीत दफन नाकारले. बाप अंधारात बाळाची पेटी काखेत घेऊन अशाच एखाद्या शेतात जात.

टूलन शेजारीच उभा होता. "हे तुला कोणी सांगितले?" मी विचारले.

"सगळ्यांनीच, फादर. दगडसुद्धा दाखवले, कुठला कुणाचा ते. मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच असेल."

त्याचा नम्रपणा अधिक झोंबला. ज्याने कधी प्रार्थनेचे दोन शब्द धड म्हटले नाहीत, त्याच्यापाशी गावाने मन मोकळे करावे, आणि मी परका!

२० ऑक्टोबर
अट्रॅक्टाला खडसावले. धर्मगुरू म्हणून माझी इतकी भीती?

ती बटाटे सोलत होती. मान वर केली नाही. "भीती कसली? तुमच्या आईनं सगळ्यांकडून वचन घेतलं होतं. माझ्या आईकडूनही. मुलगा धर्मगुरू होतोय, त्याला यातलं काही कळू द्यायचं नाही."

"यातले म्हणजे काय?"

"आता बसा, फादर."

बसलो नाही.

"तुमच्या आधी एक मुलगा झाला होता. तास-दोन तास जगला. पाद्री पोचलेच नाहीत. तो आहे तिथं, वर."

रात्रीची प्रार्थना आज झाली नाही.

२ नोव्हेंबर
सर्व मृतात्म्यांचा दिवस. दुपारी टूलन येणार आहे. मीच निरोप धाडला. माझा भाऊ कोणत्या दगडाखाली आहे, ते त्याला ठाऊक आहे.