पलकची नोकरी आणि माझा त्याग

श्रावण शुद्ध पंचमी, जळगाव

वीतराग प्रभूंच्या चरणी मस्तक ठेवून आजचे पान आरंभितो. लेखणीला सत्याचा धाक राहो.

विषय नातीचा आहे. पलक — माझ्या रतिलालची थोरली. भुसावळला मालगाडीवर सहायक लोको पायलट आहे. भांड्यांच्या दुकानापलीकडचे जग आमच्या घराण्यात कोणी पाहिले नाही. ही मात्र इंजिनात बसते! आजवर मुकाट्याने सोसले. काल ती सुट्टीवर आली आणि जेवताना बोलून गेली — पाचोऱ्याच्या अलीकडे रुळावर वासरू आले. भोंगा वाजविला. ब्रेक लावले. पण भरलेली मालगाडी अशी लगेच थांबत नाही.

"मग?" तिच्या आजीने विचारले.

पलकने ताट बाजूला सारले.

दिव्यावर पतंग पडू नये म्हणून ज्या घरात दिवेलागणीपूर्वी जेवणे उरकतात, त्या घरच्या मुलीच्या वाट्याला हे यावे! आज सामायिकाचे ध्यान आटोपल्यावर मनोमन पच्चक्खाण घेतले — पलक ही नोकरी सोडीपर्यंत साखर आणि गूळ वर्ज्य. असा नियम एकदा घेतला की मोडता येत नाही, हे पूर्ण जाणून घेतला. कोणाला सांगितलेले नाही.

श्रावण शुद्ध अष्टमी

बिनसाखरेच्या चहाने घात केला. पलकच्या आजीने, झमकूने, ओळखले.

"डॉक्टरांनी सांगितलं का?" — "नाही." — "मग पलकसाठी!"

कपबशी खाली ठेवून म्हणाली, "याला त्याग नका म्हणू. मोर्चेवाले कलेक्टर कचेरीपुढे बसतात ना, तसलं आहे हे. धरणं!"

बायकांना शास्त्रातील सूक्ष्म भेद कळत नाहीत — असे लिहिले होते. खोडले.

श्रावण शुद्ध नवमी

रतिलाल एरंडोलला दुकानाची शाखा काढतो आहे. ती पलकने सांभाळावी, असे त्याने ठरविले. प्रभूंची कृपा — मार्ग उघडला!

श्रावण शुद्ध द्वादशी, भुसावळ

पलकच्या रेल्वे क्वार्टरवर आलो. तिला समजवावे, एवढाच हेतू. ती ड्यूटीवर निघालेलीच होती. "दादाजी, मुगाची खिचडी झाकून ठेवली आहे, सूर्य मावळायच्या आत जेवा हं," एवढे म्हणाली आणि गेली. घर स्वच्छ. पाणी गाळण्याचे फडके दोरीवर वाळत आहे. खिडकीत लाल आणि हिरवा झेंडा गुंडाळून ठेवलेला. दोन्ही वस्तू एकाच घरात पाहून क्षणभर गोंधळलो.

दुपारी गिरधर आला. मूळचा सोनगीरचा, रुळांच्या चाव्या, म्हणजे लोखंडी पाचरी, ठोकत लाइनवर चालण्यात त्याची सारी नोकरी गेली. आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. त्याला विचारले, रेल्वेत सर्वांत उत्तम नोकरी कोणती? पलकला पटेल असे काही त्याच्या तोंडून निघावे, ही माझी अपेक्षा.

खो खो हसला. "भाऊ, गार्ड म्हनस ड्रायव्हरनी नोकरी बेस. ड्रायव्हर म्हनस टेशनमास्तरनी बेस. टेशनमास्तर माले म्हने, गिरधर, सुखी ते तूच शे! बठ्ठासले दुसरानी नोकरी गोड लागस. पन अदलाबदल कर म्हनं, ते कोनी करस नही!"

"आणि तू का नाही सोडलीस? उन्हात, पावसात, पाठीवर ओझे घेऊन —"

तो थोडा गंभीर झाला. "भाऊ, मी लाइन देखी ऊनू का मांगून गाडी निंघी जाय. मानसं डब्बामा झोपेल. तेसले मन्हं नावबी माहीत नही. पन झोपेल शेतस ना!"

लोक निजलेले आहेत, हेच त्याचे समाधान. निजलेल्यांसाठी कोणी जागे राहावे, हे तर साधूचे लक्षण! पण हे त्याला बोललो नाही. मी वेगळ्या कामासाठी आलो होतो.

श्रावण शुद्ध त्रयोदशी

पलक ज्यांच्यासोबत गाडी चालविते ते लोको पायलट हितेंद्र भेटावयास आले. रावेरकडचे, घरची केळीची बाग. मी स्पष्टच विचारले — मुलीच्या जातीला हे काम शोभते का? जीवहत्या घडते!

"आबा, खरं सांगू का? इंजिनात मी डावीकडे, ती उजवीकडे. रुळाजवळ ढोर दिसलं का भोंग्यावर माझ्या आधी तिचा हात जातो. एक कुत्रं दिसलं तरी! आमच्या लोकांनी तिचं नावच पाडलंय — भोंगाबाई!"

पलक आतून ओरडली, "काका, पुरे!"

"वासरू गेलं त्या दिवशी ती रडली नाही. पुढचा सिग्नल आला, मोठ्यानं बोलली — हिरवा! गाडीत तेच करायचं असतं. इगतपुरीला उतरल्यावर मात्र पाण्याला शिवली नाही." मग थांबून म्हणाले, "ती गेली तर गाडी काही उभी राहणार नाही आबा. तिच्या जागी दुसरा येईल. तो कुत्र्यासाठी भोंगा वाजवेल का, तेवढं सांगा मला."

मी विषय बदलून विचारले, घरी एवढी बाग असता तुम्ही येथे का? म्हणाले, "भाऊ दरसाल म्हणतो, ये घरी. मीबी म्हणतो, येतो. आन् पुढच्या ड्यूटीचा फोन आला का डबा भरायला सांगतो."

श्रावण पौर्णिमा

राखी आटोपून पलकने शिरा केला. मी ताटात घेतला नाही.

"दादाजी, साखर सोडली?" — "होय." — "कशासाठी?"

असत्य बोलणे शक्य नव्हते. मौन धरले. हुशार मुलगी! माझ्या मौनाचा अर्थ लावायला तिला वेळ लागला नाही.

मी समजुतीचे बोलू लागलो — दुकान, एरंडोल, पद्मालयाच्या वाटेवरची चांगली वस्ती. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "दुकानात येणारा प्रत्येक जण विचारील, तू कोणाची मुलगी, कोणाची नात. इंजिनात एवढंच विचारतात — सिग्नल काय आहे? मी सांगते. ते माझ्यावर विश्वास ठेवतात. दादाजी, एवढंच आहे. मोठं काही नाही."

भांडली असती तर बरे झाले असते.

श्रावण वद्य प्रतिपदा

निघताना पलक पाया पडली. "संवत्सरीच्या उपवासाआधी राजीनामा देते. पारण्याला शिरा माझ्याच हातचा खायचा हं." हसली.

माझा हेतू सिद्ध झाला. जळगावला परत आलो.

श्रावण वद्य द्वितीया, जळगाव

सामायिकात मन लागत नाही.

श्रावण वद्य षष्ठी

आज स्टेशनवर गेलो. पलकची गाडी दुपारी जळगाववरून जाणार, असे हितेंद्रांनी फोनवर कळविले होते. "आत घेता येणार नाही आबा, नियम नाही. फलाटाच्या टोकाला उभे राहा."

मालगाडी आली. वेग बेताचा. पलक खिडकीत होती — हात लांब करून पुढचा सिग्नल दाखवीत, काहीतरी मोठ्याने उच्चारीत. मी अगदी समोर होतो. काठी उंचावली. हाकही मारली!

तिने माझ्याकडे वळून पाहिले नाही. आजोबा दिसले नाहीत असे नव्हे; त्या क्षणी तिच्यापुढे सिग्नलावाचून दुसरे काही नव्हते.

आयुष्यभर व्याख्यानांतून अप्रमाद हा शब्द ऐकला. क्षणभरही गाफील न राहणे. चार माणसांत त्यावर बोललोही आहे, प्रशंसाही मिळविली. तो आज इंजिनाच्या खिडकीत उभा पाहिला.

श्रावण वद्य नवमी

आमच्या जैन स्थानकात चातुर्मासासाठी विराजमान साध्वी महासतीजींना सर्व निवेदन केले. त्यांनी ऐकून एकच प्रश्न केला —

"भिकमचंदजी, साखर आपण सोडलीत. कडू कोणाला लागले?"

मग म्हणाल्या, फळाची इच्छा धरून केलेला त्याग म्हणजे निदान. ते शल्य आहे, आत रुतणारा काटा. "हे आपणांस मी सांगावे?"

मान खाली गेली. झमकूने हेच स्वयंपाकघरात सांगितले होते. तिला एकही गाथा पाठ नाही.

पण नियम मोडण्याची आज्ञा महासतीजी देत नाहीत. देणारही नाहीत. पलकने नोकरी सोडली तर तिच्यावर हिंसा. न सोडली आणि मी साखर खाल्ली तर व्रतभंग. न खाल्ली तर माझे बिनगोड ताट जन्मभर तिच्यापुढे! दोर मीच वळला आहे.

श्रावण वद्य त्रयोदशी

पर्युषण आरंभ. पलकचा फोन आला. राजीनामा लिहून ठेवला आहे, सुट्टी घेऊन येताना देऊन येते म्हणाली. "देऊ नकोस" एवढे शब्द ओठांवर आले. पण नियम तसाच ठेवून नुसते "देऊ नकोस" म्हणणे म्हणजे पुन्हा धरणेच! ती ऐकणार नाही. माझे ताट पाहून पुन्हा लिहील. "घरी ये, मग दे," एवढेच म्हणालो.

भाद्रपद शुद्ध पंचमी, संवत्सरी

उपवास. प्रतिक्रमण, वर्षभराच्या दोषांची उजळणी, झाले. सर्वांची क्षमा मागितली. रतिलालची. झमकूची — तिने "चला, उशिरा का होईना!" असे म्हणून हात जोडले. गिरधरला फोन केला; त्याला कारण कळले नाही, तरी "माफ शे भाऊ, माफ शे," म्हणाला. पलकपुढे हात जोडले तेव्हा ती घाबरली. "दादाजी, तुम्ही कशाला?"

"उद्या सांगेन," म्हणालो.

भाद्रपद शुद्ध षष्ठी

सकाळी महासतीजींपुढे उभा राहून नवे पच्चक्खाण घेतले — साखर आणि गूळ आजीवन त्याग. अट नाही. कोणासाठी नाही.

मोडता येत नव्हते, वाढविता आले.

घरी येऊन पलकला कालचे उत्तर दिले — तू नोकरी ठेव वा सोड, माझे ताट आता असेच. तिचा राजीनामा झमकूने चुलीजवळ ठेवला आहे, काय करायचे ते पलकने ठरवावे म्हणून. ती दोन घास शिरा खाऊन ड्यूटीवर गेली. मी मुगाच्या पाण्याने पारणे केले. अतिशय गोड लागले.

हे पान ज्याच्या हाती पडेल त्याचे मंगल होवो. त्याच्या घरची माणसे त्याच्या प्रेमातून मोकळी राहोत. रुळावर आलेल्या प्रत्येक जीवाला भोंगा वेळेवर ऐकू येवो.