चार सुताचा खण

बाबा, मागच्या रविवारी मी खामगावला गेले होते, आपल्या नट-बोल्टच्या दुकानात. तुम्ही गेल्यापासून दुकान वहिनीच बघते. ती तुमच्या स्टुलावर बसली होती, चष्मा तुमच्यासारखाच कपाळावर चढवलेला. एक गिऱ्हाईक तुटका बोल्ट पुढे करतं. ती तो तळहातावर नुसता लोळवते आणि सांगते, "पाच सुताचा हाय, अडीच इंची. दोन घेऊन जा भाऊ, एकावर नाही भागायचं." गिऱ्हाईक मान डोलावतं, जशी तुमच्यापुढे डोलवायचं. माझे गुडघे गेले, नांदुऱ्याला घरात दोन नातवंडं खेळतात, पण ते पाहून माझ्या पोटात दुखलंच. तुमची सून तुमच्या जागेवर शोभते, हे मला अजून बघवत नाही. तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

मी दहा वर्षांची होते तेव्हा मालाचं पोतं आलं की तुम्ही ते ओसरीवर ओतायचा आणि आकार वेगळे करायला मला बसवायचा. इंचाचे आठ भाग, त्यातला एक भाग म्हणजे सूत, हे मला पाढ्यांआधी पाठ होतं. तीन सुताचा, चार सुताचा, मी न मोजता बोटांनी सांगायचे. एकदा मला गाडीच्या बोल्टाचं कोडं सुटलं. त्याचं डोकं गोल असतं, पाना लावायला जागाच नाही, मग आवळताना तो जागच्या जागी फिरत कसा नाही? तर डोक्याखाली चौकोनी मान असते, ती लाकडात रुतून बसते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी धावत तुम्हाला सांगायला आले. "हाव," तुम्ही म्हणालात, "जाय, तुह्या मायले चहा सांग." दहावी झाल्यावर मी दुकानात बसू का म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही रागावलासुद्धा नाहीत. "तुले शिकवून काय फायदा माय? तू जाशीन उद्या परक्या घरी." एवढं बोलून तुम्ही पुन्हा पेपरात डोकं घातलंत.

मी गेले. मग दादाला एसटीत नोकरी लागली आणि दुसरबीडहून वहिनी आली. तिला स्क्रू आणि बोल्ट यांतला फरक ठाऊक नव्हता. पहिल्याच दिवाळीत ती एका सुताराच्या स्क्रूला नट शोधत बसली होती. मी खो खो हसले. तुम्ही हसला नाहीत, तिला शेजारी बसवून घेतलंत. "पाह्य बाई. जे घडीघडी खोला लागते तिथं नट-बोल्ट. लाकडाले स्क्रू, तो आपले आटे आपणच पाडते. जे जन्मात खोलाचं नाही तिथं रिव्हेट. अन् जिथं मशीन धडधडते, तिथं स्प्रिंग वायसर देल्याबिगर गिऱ्हाइकाले हलू देऊ नको." मी आतल्या दारात चकल्यांची परात घेऊन उभी आहे आणि एकेक शब्द ऐकते आहे. तुमची ती रीतही तुम्ही तिला दिलीत: गिऱ्हाइकासमोर बोटानं नट शेवटपर्यंत चढवून दाखवायचा, मगच बोल्ट कागदात बांधायचा. मला कुणी परात खाली ठेव असंही म्हणालं नाही.

त्याच दुपारी तुम्ही जेवायला बसलात, वहिनी वाढत होती. दुकानात मी एकटी. बारा एमएमच्या बोल्टांची पिशवी नुकतीच आली होती. बारा एमएम आणि चार सूत दिसायला जुळे भाऊ. बाराचा बोल्ट किंचित बारीक, आटेही वेगळे, तरी चार सुताचा नट त्यावर बोटानं चढतो. फक्त जरा सैल चढतो. मी त्यातली मूठभर उचलून चार सुताच्या खणात कालवली. मला वाटलं, कुणीतरी कुरकुरत परत येईल आणि तुम्ही माझ्यादेखत तिला म्हणाल, "माह्या पोरीले हे दहाव्या वर्षी समजे." बस, एवढंच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मळणीयंत्रवाला शेतकरी आला, तोंड पांढरंफटक. नटाचे आटे गेले होते आणि पट्ट्यावरचं लोखंडी झाकण उडालं होतं. "बायकोच्या कानाजोळून गेलं भाऊ. चार बोटांनी वाचली." वहिनीनं विकलेला तो बोल्ट तुम्ही हातात घेतलात, नट चढवून पाहिलात आणि वहिनीकडे वळलात. "सैल चढून राह्यला होता, अन् तुले समजलं नाही? तुह्या बोटाइले शिकवलं काऊन मंग मी? माह्यामागं हे दुकान तुलेच चालवा लागते!" तुमचा आवाज चढला होता, डोळ्यांत पाणी होतं. वहिनी एवढंच म्हणाली, "माहं चुकलं मामाजी." मी दाराआड उभी होते. एका बाईचा जीव जाता जाता राहिला होता, माझ्या हातानं, आणि तरी माझ्या मनात आधी काय आलं सांगू? मला तुम्ही असं कधीच बोलला नाहीत. माझ्याकडून तुमची अपेक्षाच नव्हती, मग रागावणार कशावर?

मागच्या रविवारी वहिनीनं चार सुताचा खण काउंटरवर ओतला आणि एकेक बोल्ट तपासून परत टाकू लागली. मी म्हटलं, "अजून तपासतेस?" ती हसली. "मामाजी बोलले होते ना ताई. तव्हापासून या खणावर भरवसाच नाही बगा." मी तिच्याबरोबर बसून तपासू लागले. माझी बोटं अजून तिच्यापेक्षा चपळ आहेत. तेवढं ती कबूल करते.

हा कागद तिच्या हातात द्यावा म्हणून लिहायला घेतला होता. देणार नाही. तुमचं ते बोलणं माझ्या वाट्याचं होतं बाबा, आणि ते तिच्याकडून परत मागून घ्यावं असं मला आजही वाटतं. पण मागायचं तर आधी सांगावं लागेल, आणि ती हिंमत माझ्यात नाही.