व्हायोलिनच्या पोटातलं नाव

ज्या दुपारी नांदेडच्या आनंदराज सरांनी, मी दुरुस्त करून दिलेलं त्यांचं व्हायोलिन खिडकीकडं धरून आत पाहिलं आणि आपल्या मुलीचं, सिंधुचं, नाव वाचलं, त्या दुपारी माझं सगळं फिरलं. म्हणून मी, शिवप्रसाद शरणप्पा पांचाळ, वय बावीस, राहणार उदगीर, बी.एस्सी. अर्धवट, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. आई न्हाई म्हणते, पण ते ग्राह्य धरू नये.

सिंधुचं कॉलेज बंद केलंय. तिला सगळं ठाऊक होतं असं घरचे धरून बसलेत. तिचा भाऊ बालाजी मला फोनवर म्हणाला, "नांदेडच्या स्टँडवर उतर तू फक्त. परत न्यायला चार माणसं लागतील." मी आज उतरणार आहे.

१. पटाश्या, रंधा, सरस वितळवायचं भांडं हे सगळं व्हायोलिनच्या कामातले माझे उस्ताद जिलानी चाचा यांचंच आहे. त्यावर माझा हक्क नाही.

२. भिंतीवरचे ग्वार्नेरीच्या व्हायोलिनांचे फोटो, खाली त्याच्या नावासकट, आप्पांना. आप्पा विचारायचे, "ह्यो कोण तुझा सोयरा?" तर हा तीनशे वर्षांमागचा, इटलीतल्या क्रेमोना गावचा. आजा, बाप व्हायोलिन करणारे. लग्न झालं आणि हा बापाचा कारखाना सोडून निघाला. शेहेचाळीसाव्या वर्षी गेला. त्याच्या व्हायोलिनच्या वरच्या फळीतली, आवाज बाहेर यायची भोकं वेडीवाकडी, आवाज मात्र काळीज चिरणारा. आत चिठ्ठीवर स्वतःचं नाव आणि क्रूसाची खूण चिकटवायचा. बायको कातारीनाचं नाव कुठंच न्हाई. मला तो अन्याय वाटला. म्हणून सरांचं व्हायोलिन उघडलं तेव्हा आत मी माझ्या नावाशेजारी सिंधुचं लिहिलं. चिठ्ठी बरोबर भोकाखाली येते, बाहेरून वाचता येते, ते प्रेमात सुचलं नाही.

३. मोटारसायकल बालाजीला. किक उलटी मारते. सांभाळून घ्यावी, अशी माझी इच्छा नाही.

४. माझं अर्धं झालेलं व्हायोलिन सिंधुला. चाचांनी पुरं करावं. वरची फळी सरसानंच चिकटवावी, म्हणजे पुढं कुणाला उघडून दुरुस्त करता येईल. आत चिठ्ठी लावू नये. कारण तिनं मैत्रीण साक्षीकडून निरोप धाडला: "त्याला म्हणावं, कातारीनाला तरी कुणी विचारलं होतं का? माझं नाव टाकायच्या आधी मला विचारायचं." ती माझी होणार न्हाई, हे कळून चुकलंय. तरी नांदेडला जाऊन तिच्या बापासमोर सांगणार, की तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिचं कॉलेज सुरू करा. मग बालाजीनं काय करायचं ते करावं.

५. आईला देण्यासारखं काही उरलं नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये म्हणतात, म्हणूनच तिला साक्षीदार केलंय.

साक्षीदार: जिलानी शेख, पार्वतम्मा शरणप्पा पांचाळ
स्थळ: उदगीर. दि. १० फेब्रुवारी २०२५
सही: शिवप्रसाद

सही करताना चाचा म्हणाले, "वसीयत मरनेवाले लिखते, बेटा. तू तो मार खाने जा रहा." आई पदरानं माझ्या शर्टावरचा भुसा झाडत राहिली. चाचा परत ब्रश घेऊन बसले. "वॉर्निश गीला है. धूल आती. दरवाजा लगा के जा."

एवढं लिहून उठतो आणि बाहेरून दार ओढून घेतो.