आवाज बंद करून बघण्याजोगे कार्यक्रम

तीर्थरूप ताईच्या पायांवर धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कमरेतून वाकणं वर्षभरापासून बंद आहे. मानेतून वाकलो आहे, तेवढं गोड मानून घे.) इकडे सगळं ठीक. माझा डावा गुडघा हवा बदलली की कुरकुरतो, मशीनचा पट्टा गेल्या महिन्यात बदलला, आणि हिला नवे दात बसवलेत, ते ती खाण्यापेक्षा माझ्यावर खाण्यासाठीच जास्त वापरते. तुझी तब्येत कशी आहे ते विचारत नाही, कारण भाचीने सगळं कळवलं आहे. डॉक्टर म्हणतात, मांडीचं हाड सांधून पाच आठवडे झाले, आता उठून चालायलाच हवं, नाहीतर पुढे चालता येईल याचा भरवसा नाही. आणि तू भिंतीकडे तोंड करून पडून असतेस आणि म्हणतेस, "बघायचं ते सगळं बघून झालं." वॉकर आणून पलंगाशी ठेवला, तर त्यावर टॉवेल वाळत घालायला लावतेस. शेवटी भाचीने टीव्ही आणून समोर लावला, तर तिला सांगितलंस की मामाला विचार काय बघण्यासारखं असतं, तो सांगेल तेवढंच बघीन. ज्याच्या घरात टीव्ही नाही त्याला विचारलं की विषय आपोआप मिटतो, हा तुझा कावा माझ्या तात्काळ लक्षात आला. (म्हणजे आधी हिच्या आला, मग तिने सांगितल्यावर माझ्या आला.)

पण तू विचारलंस आणि मी अभ्यासाला लागलो. तुला ठाऊकच आहे, तीस वर्षं मी त्या खोक्याला नावं ठेवली. दुकानात गिऱ्हाइकाने कालच्या मालिकेचा विषय काढला, की मी तोंडात टाचण्या धरायचो, म्हणजे उत्तर द्यायला नको. आता कोणत्या तोंडाने विकत आणणार? ही आपली सोय शेजारी करून घेते. "शेजारणीला सुईत दोरा ओवून देऊन येते," असं सांगून जाते आणि दीड तासाने येते. (शेजारीण रोज एवढे दोरे ओवून घेऊन कोणाचे कपडे शिवते, हे मी कधी विचारलेलं नाही. संसार असाच टिकतो.) मला मात्र बायकोच्या मागोमाग शेजारी जाऊन बसणं शोभलं नसतं. तेव्हा आठवलं, की माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, टीव्हीचंच दुकान आहे. काचेमागे भला थोरला टीव्ही, नेमका माझ्या मशीनच्या समोर, सकाळी दहापासून चालू. इतकी वर्षं मी मान खाली घालून शिवत होतो, ती फक्त वर करायची होती. आवाज येत नाही, कारण मधे काच, रस्ता आणि त्यावरच्या गाड्या. पण मी म्हटलं, आवाजाचं काय अडलंय? चाळीस वर्षं माणूस कपड्यावरून ओळखतो आहे.

ताई, पहिल्याच दिवशी बातम्या सांगणाऱ्या गृहस्थाने मला थक्क केलं. काय त्याचा कोट! छातीवर एक सुरकुती नाही, कॉलर मानेला अशी बसलेली की मी मनातल्या मनात त्या शिंप्याचे हात धरले. मग एकदा तो कागद घ्यायला अर्धा वळला आणि पाहतो तो काय, कोट पाठीमागून चिमट्यांनी ओढून धरलेला, दोरीवर वाळत घालतात तसा! समोरून राजा आणि मागून धुणं. (तेव्हापासून मी कुठलीही बातमी पाठीकडून बघितल्याशिवाय मानत नाही.) दुसऱ्या दिवशी बर्फातले ते काळेपांढरे पक्षी पाहिले, पेंग्विन. हजारो जण, सगळे अंगात कोट घालूनच जन्माला आलेले, आणि एकजणही ट्रायलनंतर "जरा बगलेत काचतंय" म्हणत परत आलेला नाही. तिसऱ्या दिवशी देवमासा. त्याच्या अंगाला कुठे जोड म्हणून नाही ग, अख्खा एकाच तुकड्यात बेतलेला! तो हळूच वर आला, त्याने एक डोळा उघडला, आणि रस्त्यापलीकडून, दोन गाड्यांच्या मधून, माझ्याकडे पाहिलं. मी उठून उभा राहिलो. मी कोणासाठी उठत नाही हे तुला माहीत आहे, गुडघ्यामुळे म्हण किंवा स्वभावामुळे म्हण.

आणि चारची मालिका. ती मी एक दिवस चुकवली नाही. एक म्हातारा अंथरुणाला खिळलेला (तुझ्यावरून म्हणत नाही, तो खरंच आजारी आहे). एक राखी कोटातला माणूस रोज त्याला पेल्यातून औषध पाजतो. आणि एक हिरव्या कपड्यांतली बाई दाराआडून टपून बघत असते. आता त्या राखी कोटाचा खांदा काय बसला होता! असा खांदा बसलेला माणूस खोटं वागूच शकत नाही, हे मी पहिल्या पाच मिनिटांत ठरवून टाकलं. तो धाकटा मुलगा, बापासाठी झिजणारा. बाईचं वरचं बटण मात्र दुसऱ्याच काजात घातलेलं, बाही उसवलेली. म्हणजे हीच कारस्थानी, म्हाताऱ्याच्या मरणावर टपलेली. मी येणाऱ्या जाणाऱ्याला रोजची कथा सांगू लागलो. बँकेतला कारकून तर पँट शिवायची नसतानाही येऊन बसायला लागला. ज्याने तीस वर्षं नावं ठेवली त्याच्याच दुकानात मालिकेची चर्चा, आणि तीही उभ्याने, कारण बाक पुरेना.

आता मुख्य प्रकार सांगतो. गेल्या मंगळवारी वकीलसाहेब आले. कोर्टात जायचं होतं आणि पँटचा पाय खालून उसवला होता. मी म्हटलं, पाच मिनिटांत टीप मारून देतो. ते पडद्याआड थांबले, पँट माझ्याकडे. मी मशीन चालू केलं आणि मान वर केली. समोर एक पक्षी. मुठीएवढाही नाही, शेपूट वर, रंगाने साधाच. तो एका पानावर बसला, पानाच्या दोन कडा चोचीने जवळ ओढल्या, एका कडेला भोक पाडलं, मग दुसऱ्या कडेला. मला वाटलं, खातो आहे. मग त्याने कुठूनसा कोळ्याच्या जाळ्याचा धागा आणला आणि त्या भोकातून ओवला! ताई, शपथ घेऊन सांगतो, ओवला. पलीकडून ओढला, टोक पिंजून त्याचं बोंड केलं, म्हणजे टाका निसटू नये. मग दुसरा टाका, मग तिसरा. समान अंतरावर! मी माझ्या उस्तादांच्या हाताखाली समान अंतराचा टाका शिकायला दोन वर्षं आणि अंदाजे चारशे टपल्या खर्च केल्या. याला ना बोटात अंगुस्ताना, ना चष्मा, ना उस्ताद. माझे पाय आपोआप पायडल मारत होते, हात पुढे सरकत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. सांगायला लाज वाटत नाही, मी रडलो.

तेवढ्यात एक ट्रक येऊन नेमका मधे थांबला. मी ताडकन उठलो आणि रस्ता ओलांडून टीव्हीच्या दुकानात शिरलो. तिथला खोकेवाला (आम्ही त्याला त्याच नावाने ओळखतो, तो मला मास्तर म्हणतो) माझ्या हाताकडे बघतच राहिला. मी पाहिलं तर वकीलसाहेबांची पँट माझ्या उजव्या बाहीला शिवलेली. पक्की, दुहेरी टीप, माझ्या आयुष्यातली सर्वांत सरळ. मी म्हटलं, असू दे, आधी पक्षी. त्याला काय वाटलं कोण जाणे, गिऱ्हाईक आलं म्हणून त्याने आवाज मोठा केला. आणि टीव्हीच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द काय असावा? "शिंपी." त्या पक्ष्याचं नावच ते आहे, ताई, शिंपी पक्षी! पण पुढे तो बोलणारा थांबेचना. पक्षी टाका घालतो आहे आणि हा सांगतो आहे की पक्षी टाका घालतो आहे. पक्षी धागा ओढतो आहे आणि हा सांगतो आहे की धागा ओढतो आहे. त्यात मागून तुताऱ्या. कोणी काम करत असताना कानाशी बसून असं बोलतं का? मी खोकेवाल्याला म्हटलं, "याला गप्प कर." तो दुखावला. म्हणाला, "मास्तर, लोक आवाजासाठी हा सेट घेतात." पण केलं बंद.

मग दुकानात जी शांतता झाली ती तुला कशी सांगू! पानाचा कप तयार झाला, त्यात कापूस आला, कापसात अंडी आली. मागे कोणीतरी जोरात ओरडलं. वकीलसाहेब. ट्रायलरूमचा पडदा कमरेला गुंडाळून, वर काळा कोट, रस्ता ओलांडून माझ्याशी भांडायला आलेले. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं, कारण तेवढ्यात पहिलं अंडं फुटलं. भर दिवसा, काचेच्या दुकानात, मी बाहीला पँट लोंबकळत, ते पडद्यात आणि खोकेवाला हातात रिमोट धरून, असे तीन पुरुष श्वास रोखून उभे होतो. वकीलसाहेब एवढंच म्हणाले, "टाका धरेल ना हो मास्तर? पिल्लं वाढली की?" मी म्हटलं, "धरेल." आणि धरला, ताई! चार पिल्लं त्या पानात नाचत होती आणि एक टाका हलला नाही.

त्यानंतर चार वाजले, मालिका लागली, आणि वकीलसाहेबांनी आवाज चालू करायला लावला, कारण त्यांच्याकडेही ती बघतात. (कोर्टाचं काय झालं ते मी विचारलं नाही.) तेव्हा कळलं, की राखी कोटवाला त्या म्हाताऱ्याला तीन महिन्यांपासून विष पाजतो आहे आणि हिरवी बाई ही म्हाताऱ्याची सख्खी मुलगी, त्याला वाचवायला धडपडणारी. मी मटकन खालीच बसलो. विष पाजणाऱ्याला असा खांदा शिवून देणारा माझ्यासारखाच कोणी शिंपी असणार, या विचाराने मला दोन रात्री झोप नाही. बँकेतल्या कारकुनाची मी जाहीर माफी मागितली. तो म्हणाला, "मास्तर, तुमचीच गोष्ट चांगली होती." आणि रोज येतोच आहे.

तर माझं मत विचारशील तर ते असं. बातम्या बघायच्या तर निवेदक वळेपर्यंत बघाव्यात. मालिका बघावी, पण कपड्यांवर जाऊ नये. पेंग्विन चांगले, देवमासा फारच चांगला. आणि शिंपी पक्षी मंगळवारी पुन्हा दाखवणार आहेत, तो तू बघायचाच, आवाज बंद करून. सदुसष्ट वर्षांचा झालो, चाळीस वर्षं सुई धरली, आणि खरा टाका गेल्या आठवड्यात पाहिला. तू माझ्याहून फक्त सहा वर्षांनी मोठी. तेव्हा बघून झालं, असं पुन्हा म्हणू नकोस. मला ते ऐकून फार भीती वाटते.

हिचा नमस्कार. भाचीला आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे आणि रागही थोडा हाताशी असू दे, लागेल.

तुझा धाकटा

ता. क. एक कार्यक्रम सांगायचा राहिला. त्यात सहा माणसं सहा चौकोनांत बसून एकाच वेळी एकमेकांवर ओरडतात. हा मुळीच बघण्यासारखा नाही, आणि भाचीला मी वेगळं पत्र घालून कळवलं आहे, की ताई शेवटच्या पानावर आली की नेमका हाच लावायचा, आवाज पार वर करायचा, रिमोट खिडकीत ठेवायचा आणि आपण दाराआड जाऊन उभं राहायचं. आत्ता सुरू झाला असेल. तू हाका मारशील, ती येणार नाही. मुलगी गुणाची आहे.

आणखी एक ता. क. मी सहावीत असताना मास्तरांनी मला कोंडून ठेवलं होतं, तेव्हा तू तापाने फणफणलेली अंथरुणातून उठून शाळेत आली होतीस आणि त्यांना फैलावर घेतलं होतंस. समजुतीने तू कधी उठलेली मला आठवत नाही. डॉक्टरांना विचारून घेतलं आहे, की रागाने चाललं तर चालेल का. ते म्हणाले, हाडाला कारण कळत नाही. वॉकर डाव्या हाताला आहे. हे पत्र इथे संपलं. तिसरा ताजा कलम वेगळ्या चिठ्ठीवर लिहून रिमोटखाली ठेवायला सांगितला आहे.

(रिमोटखालची चिठ्ठी)

ताई, आलीस! भाचीने मोजून कळवलं होतं, पलंगापासून खिडकी तुझ्या पावलांनी नऊ पावलं. आता कर्ण्यावर काट मारलेलं बटण दाब. झालं शांत? पत्र टाकल्यापासून मी काम बाजूला ठेवून याच काळजीत बसलेलो असेन, की तू उठली नाहीस तर ही चिठ्ठी वाचणार कोण. आता परत पलंगाशी जायलाही नऊच पावलं आहेत, त्याला माझा इलाज नाही. मला शिव्या देत देत जा.