ग्वेरिनोला सोडून एक पंधरवडा

मांतोवा,
५ सप्टेंबर १९८६

चि. आर्जास,
नोर्माताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही तिघी काल संध्याकाळी इथे येऊन पडलो. पडलो हाच शब्द खरा. रोविगोहून लेन्यागोपर्यंत आगगाडी आणि पुढे सायकल. माझं वय चौपन्न, गुडघ्यांचं सत्तर. दिर्चे मात्र पुढे गात चालली होती. साखर कारखान्यातून सुटल्यापासून तिच्या अंगात वारं शिरलंय. वेलिया दर अर्ध्या तासाने उतरते आणि टायर दाबून बघते. शिवणकाम करणाऱ्या बाईला सगळं उसवेल असंच वाटत असतं. रोविगोला गार्ड म्हणाला, मालडब्यात एकच सायकल जाईल. दिर्चेने त्याला विचारलं की बाबा, तुला आई आहे ना, मग तिला असं फलाटावर टाकून जाशील का? तिन्ही सायकली चढल्या.

दमले आहे गं. सायकलने नव्हे. ग्वेरिनोला अर्धांगवायू झाल्यापासूनचा सहा वर्षांचा शीण आत दडून बसला होता, तो आता सवडीने बाहेर येतोय. काल खाणावळीत भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली समोर आले आणि दुसऱ्या कुणीतरी शिजवून माझ्यापुढे ताट ठेवलं एवढ्यानेच रडू फुटलं. वेलियाने वाढप्याला सांगितलं, हिला कांदा झोंबतो म्हणून. त्या पदार्थात कांदाच नसतो.

ग्वेरिनोला सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घाल, चांगला नंतर. सूप पातळ देऊ नकोस, ठसका लागतो. रवा घालून दाट कर. त्याचा शब्द कळला नाही तर दोनदा विचार, तिसऱ्यांदा नको, चिडतो. फोन त्याच्या उशाशी आहे, त्यामुळे तिथून तुला मोकळं बोलता येणार नाही. पत्रच लिही. पावियाच्या टपाल कचेरीच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठव. बुधवारी, सतराला, मी परत येते.

सतराव्या वर्षी आम्ही तिघी भाताच्या खाचरांत तण काढायला मोर्तारापलीकडे गेलो होतो. तेव्हा राहिलो ते शेतघर पुन्हा बघायचं असं दर वर्षी ठरायचं आणि मोडायचं. या वर्षी तू दुकानाला कुलूप लावून आलीस म्हणून जमलं. हे मी विसरणार नाही.

तुझी,
नोर्मा

---

आद्रिया,
८ सप्टेंबर

ती. ताईस,
आर्जाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून भावजींना दाखवलं. रडण्याचा भाग मात्र बोटाखाली झाकला. गार्डची गोष्ट ऐकून ते हसले. अर्ध्या तोंडाने का होईना, पण हसले.

इथे सगळं ठीक आहे. माझं सूप त्यांना आवडत नाही. मी विचारलं, मीठ कमी आहे का, तर त्यांनी चमचा खाली ठेवून उत्तर दिलं. इतकी वर्षं नदीतला गाळ उपसणाऱ्या बोटीवर माणसांना हुकूम सोडलेत, ती सवय अजून गेलेली नाही. काल डॉक्टर येऊन गेले. काही विशेष नाही, या बाजूला आले होते म्हणून डोकावले. सुजेवर लावायचं मलम कुठे ठेवतेस ते सहज कळव.

तू काळजी करू नकोस. पोटभर जेव. दिर्चेला म्हणावं, गळा सांभाळ. वेलियाला म्हणावं, टायरचा नाद सोड.

तुझी धाकटी,
आर्जा

---

मोर्तारा,
११ सप्टेंबर

चि. आर्जास,
आशीर्वाद. वि. वि.

डॉक्टर सहज डोकावत नाहीत. आपल्या गावात तर बोलावल्यावरही येत नाहीत. आणि सूज कुणाला आली आहे? मलम स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या फळीवर आहे. तो पडला आहे, हो ना? खरं काय ते लिही.

आता माझंही खरं ऐक. क्रेमोनाच्या स्टेशनवर आम्ही सायकली घेऊन उभ्या होतो. दिर्चे म्हणाली, घरी एक फोन तरी कर, चार दिवस झाले. मी नाणं हातात धरून फोनपर्यंत गेले. समोरच्या फलाटावर आपल्याकडे जाणारी गाडी लागली होती. मी फोन केला नाही. मला भीती वाटली की तू ये म्हणशील. गाडी निघून गेली आणि मला इतकं हलकं वाटलं की स्वतःचीच शरम वाटली. मी परतच गेले नाही तर, असं मनात आलं आर्जा. एकदा नव्हे, रोज येतंय.

शेतघर काल पाहिलं. आम्ही जिथे चाळीस पोरी गवताच्या गाद्यांवर झोपायचो तिथे आता ट्रॅक्टर उभे असतात. मालकाच्या सुनेने आत सोडलं, पण कोणाला शोधताय असं दोनदा विचारलं. वेलिया म्हणाली, आम्हालाच. भात पिवळं पडलंय, कापणी तोंडावर आली आहे. दिर्चे म्हणाली की त्या वेळी कंबर दुखायची ती संध्याकाळपर्यंत, आताची जातच नाही मेली.

या दोघींना क्रेमोनाचं काही सांगितलं नाही. तुलाच सांगते आहे. पुढचं पत्र वेर्चेल्लीला पाठव, तातडीच्या टपालाने.

तुझी दमलेली,
नोर्मा

---

आद्रिया,
१३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

होय, पडले. तू गेल्यापासून चौथ्या दिवशी. मी खुर्चीवरून उठवायला गेले, माझा पाय घसरला, आम्ही दोघंही जमिनीवर. हाड मोडलं नाही, गुडघा सुजला. पण खरी गोष्ट ती नाही. खाली पडल्या पडल्या मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, जरा तरी जोर लावा, काय पोत्यासारखे पडलात! ताई, ते रडायला लागले. मीही रडले. आम्ही तसेच बराच वेळ फरशीवर बसलो होतो.

मला चार दिवसांत असं झालं. तू सहा वर्षं करते आहेस. आणि ही सहा वर्षं मी दुकानात गिऱ्हाइकांना सांगत आले की आमची ताई खंबीर आहे, तिला कुणाची गरज लागत नाही. असं म्हटलं की मला इकडे यावं लागत नव्हतं. त्याची क्षमा माग म्हणालीस तर मागते, पण त्याने तुझी पाठ हलकी होणार नाही. त्यापेक्षा यापुढे महिन्यातून चार दिवस मी इथे येत जाईन.

त्याच दिवशी नगरपालिकेची नर्स बोलावली. परक्या बाईने अंगाला हात लावायचा नाही, हा त्यांचा हट्ट तुला माहीतच आहे. त्यांनी तिला शिव्या दिल्या. ती कोमाक्योच्या कोळ्यांची मुलगी निघाली. तिने त्याहून पिकलेल्या शिव्या परत दिल्या आणि दहा मिनिटांत आंघोळ घालून मोकळी झाली. भावजी थक्क! आता ती यायच्या दिवशी स्वतःहून सदऱ्याची बटणं काढून बसतात.

तुझं क्रेमोनाचं पत्र मी त्यांना दाखवणार नव्हते. पण लिफाफा त्यांनी पाहिला होता आणि पुन्हा पुन्हा तेच मागत होते. शेवटी वाचून दाखवलं, सगळं. या वेळी बोट ठेवलं नाही. ते खिडकीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद मागितला. डाव्या हाताने लिहायला पूर्ण सकाळ लागली. सोबत ठेवते आहे.

तुला राग आला तरी माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
आर्जा

(सोबतची चिठ्ठी)

नोर्मा,
बुधवारी येऊ नको. डोंगर बघ. तू डोंगर पाहिला नाहीस. मी पण नाही. नर्स मंगळवार शुक्रवार येणार. मीच सांगितलं. सूप वाईट आहे. खातो. तुला यायचं नसेल तर तसं लिही. मला लिही, आर्जाला नको.
ग्वेरिनो

---

ओर्ता,
१७ सप्टेंबर

प्रिय ग्वेरिनोस,
नोर्माचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि तुला हे माझं पहिलंच पत्र. आपण कधी इतके लांब गेलोच नाही. तुझं अक्षर मी ओळखलं नाही. आधी वाटलं, कुणा लहान मुलाने लिहिलंय.

तू विचारलंस तेवढ्याचंच उत्तर देते. क्रेमोनाला वाटलं ते खरं होतं. तुला ते कळायला नको होतं, पण कळलं, आणि आता लपवायला काही उरलं नाही याचं बरं वाटतंय. मी रविवारी दुपारच्या गाडीने येते आहे. यायचं आहे म्हणून येते आहे. पण पूर्वीसारखी राहणार नाही. नर्स येत राहील. महिन्यातून चार दिवस आर्जा येईल, तिने तसं कबूल केलंय. त्या चार दिवसांत मी सायकल काढीन आणि तू कुठे चाललीस असं विचारायचं नाही. परत आल्यावर मीच सांगेन.

तुझं ऐकून डोंगर बघायला आलो. नोवाराहून गाडीने, शेवटचा चढ सायकल हातात धरून. दिर्चे म्हणाली, ज्याने ही जमीन उभी केली त्याला सपाट मुलखात आणून चोपलं पाहिजे. वेलियाचं टायर अखेर फुटलं आणि तिचा जीव एकदाचा भांड्यात पडला. इथे तळं आहे, पलीकडे डोंगर, आणि डोंगराचं टोक दिवसभर ढगात. सकाळी पाण्यात पाय सोडून बसले. पाय अजून ठणकताहेत. तेव्हा तुझी आठवण आली नाही, हे खरं सांगते.

दुपारी ढग हलले, टोक दिसलं आणि तू आठवलास. खुर्चीतला नव्हे, बोटीवर उभा राहून ओरडणारा. सहा वर्षांत मला तुझी आठवण कधी आलीच नव्हती ग्वेरिनो. तू सारखा समोर होतास.

तुझी,
नोर्मा