माझी फुफ्फुसं डॉक्टरीणबाईंच्या हवाली

मी, सोफा-दुरुस्तीच्या दुकानातला कारागीर, ज्याला सगळे भडक्या म्हणतात, वय तेवीस, कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दम लागतो तो छातीला. डोकं ठिकाणावर आहे. (ते कधी नव्हतंच, असं आमचे वडील, म्हणजे दादा, म्हणतील. म्हणोत.)

१. दुखण्याबाबत. दुकानाच्या मागच्या खोलीत जुन्या खुर्च्यांचा फोम यंत्रात घालून मी त्याचा भुगा करायचो. त्या फोमने आग लवकर धरू नये म्हणून त्यात रसायन घातलेलं असतं. फोम जुना झाला की पिठासारखा झडतो आणि धुळीबरोबर ते रसायनही नाकातोंडात जातं. पुढच्या खोलीतल्या नव्या कापडावर कण बसू नयेत म्हणून मालक खिडक्या बंद ठेवायला लावत. कापडाची काळजी त्यांना होती, हे मान्य.

२. मी मेल्यावर माझी फुफ्फुसं छातीच्या डॉक्टरीणबाईंना तपासायला द्यावीत. त्या म्हणाल्या, "संशय धुळीवरच आहे, पण आत्ता छातीठोक सांगता येत नाही." मालक मात्र सांगत फिरतात, "कॉलेजात काय काय ओढलं असेल त्याने! आमच्या धुळीला कशाला नावं ठेवता?" मी जन्मात एक बिडी ओढलेली नाही, दुकानातल्या कात्रीला (ही मुलगी आहे, कलम ५ पाहा) वास सहन होत नाही. आई, "माझ्या लेकराला चिरू नका" म्हणून तू आडवी पडशील. पडू नकोस. एवढं एकदा ऐक. उशीर नको म्हणून या कागदाची प्रत बाईंकडे आधीच दिली आहे.

३. सायकल धाकट्या बहिणीला. बँकेत आहे ते आईला. हातोडी आणि पकड दादांना. कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत, निदान हत्यारांशी बोलतील.

४. मालकांना काही नाही. शिव्या ठेवणार होतो, पण वकील म्हणाले, त्या मिळकतीत धरत नाहीत.

५. कात्रीबाबत. ती पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसते. जिभेमुळे हे नाव पडलं. घरची मोडकी खुर्ची घेऊन मी दुकानात गेलो, तिला पाहिलं आणि परत वर्गात गेलोच नाही. विचारलं तेव्हा म्हणाली, "आधी खोकला बरा कर, मग बघू." तो बरा झाला नाही. आता मालकांनी पगार वाढवून तिला माझ्या जागी, भुग्याच्या यंत्रावर बसायला सांगितलंय. नको म्हणून समजवायला गेलो आणि नेहमीसारखा भडकलो. ती म्हणाली, "तू कोण रे मला सांगणारा?"

खरंच, कोण?

तिच्या नावे काही ठेवलेलं नाही. गाण्यांसकट मोबाईल ठेवणार होतो. वकील म्हणाले, साक्षीदाराला वारसा मिळत नाही, दोन्हीतलं एक काय ते ठरव. मी तिची सही ठरवली. ती साध्या पावतीवरसुद्धा वाचल्याशिवाय सही करत नाही. म्हणजे हे वाचेल.

ठिकाण: रुग्णालय, छातीच्या रोग्यांची खोली, खिडकीकडची खाट.
दिनांक: रविवार. उद्यापासून ती यंत्रावर बसणार आहे.

सही: भडक्या

साक्षीदार १: शेजारच्या खाटेवरचे आजोबा. पोरगा शुद्धीत आहे. खोकला खरा आहे.

साक्षीदार २: कात्री. सगळं वाचलं. उद्या यंत्रावर बसत नाही. गाणी तशीही भिकार आहेत. तू आधी खोकला बरा कर.