झुल्मीराच्या गोठ्यामागची माती

मी, इदालिना फागुंदेस, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार पासो दा फिगेइरा, पेलोतासच्या खालच्या अंगाला, हे स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते, आणि शेजारी कोणी धाक दाखवत उभे नाही. मला मूलबाळ नाही. याआधी वहीत काही लिहिले असेल तर ते रद्द समजावे.

१. माझे राहते घर, त्यामागची जमीन आणि तिच्यातले पावसाळी डबके मी नणंद झुल्मीरा हिला देते. तिच्यामागे ही जमीन माशांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोलांजे यांच्याकडे जावी. झुल्मीराशी मी तेरा वर्षे बोलत नव्हते हे गावाला ठाऊक आहे. का, ते चुकीचे ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

रस्त्याच्या दोन अंगांना दोन डबकी होती. पूर्वेचे आमचे, पश्चिमेचे सरकारी. थंडीतल्या पावसाने भरली की दोन्हीत बोटाएवढे मासे येत, उन्हाळ्यात पाणी आटले की मरत. लोकांना ते सारखेच वाटत. पण मी आयुष्यभर कापडाचे पट्टे जुळवत आले आहे. पूर्वेकडच्या नराच्या अंगावरचे पट्टे तुटक होते, पश्चिमेकडच्याचे सरळ, अखंड. एका संशोधकांना दाखवले, तर म्हणाले, "बाई, एकाच जातीत एवढा फरक असतोच." मी वाद घातला नाही. पंपावरून गाडीत भरायचा उसाचा अल्कोहोल आणला आणि पश्चिमेकडचे पाच मासे बरणीत ठेवले.

१९९८च्या जानेवारीत, आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, रस्ता रुंद झाला. माझे दिवंगत पती अद्रोआल्दो यांनीच यंत्र चालवून पश्चिमेचे डबके बुजवले.

"अहो, तिथे मासे आहेत," मी म्हणाले.

"कोरडा खड्डा आहे, इदालिना. मासे काय धुळीत पोहतात?"

तळाची काळी माती तरी माझ्या भाजीच्या वाफ्याला द्या म्हटले, तर तीही त्यांनी आपल्या बहिणीच्या, झुल्मीराच्या, गोठ्यामागच्या खोलगट जागेत नेऊन ओतली. राग खरा माशांचा होता. पण नवऱ्याबरोबर संसार करायचा होता, म्हणून तो मातीच्या नावाने नणंदेवर काढला. ही चूक माझी.

२००९ साली डॉ. सोलांजे आल्या आणि बरणी घेऊन गेल्या. दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये, थंडीत, परत आल्या. माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाल्या, "तुमचं बरोबर होतं. या दोन वेगळ्या जाती आहेत. पश्चिमेची मात्र जगात दुसरीकडे कुठेच सापडलेली नाही."

अद्रोआल्दो उठून दाराशी पाठमोरे उभे राहिले. त्यांची समजूत काढावी म्हणून बाई सांगू लागल्या, की यंत्रवाल्याला तरी काय दिसणार, हे मासे उन्हाळाभर अंड्यांच्या रूपात मातीतच असतात.

ते वळले. "मातीत? मग माती झुल्मीराकडे आहे."

तेरा वर्षांनी मी तिचे फाटक उघडले.

"वहिनी! आलीस, आणि तेही माशांसाठी?"

"हो. आहेत का?"

"बदकं गिळतात ते? असतात की दर थंडीत. मला काय स्वप्न पडलं होतं, ते तुझे आहेत म्हणून?"

जाळीत पहिलाच नर आला, तो सरळ पट्ट्यांचा. अद्रोआल्दोंनी टोपी काढली आणि ते लहान मुलासारखे रडले. झुल्मीराने त्याच दिवशी बदके कोंडली. मला चार शब्द सुनावायचा तिला पुरता हक्क होता. तिने आधी खुर्ची दिली, मग सुनावले. त्या खुर्चीसाठी मी तिची ऋणी आहे.

२. बँकेतली शिल्लक माझे आणि झुल्मीराच्या गोठ्यामागचे, अशा दोन्ही डबक्यांच्या कुंपणावर खर्च करावी.

३. शिलाई मशीन डॉ. सोलांजे यांना. त्यांच्या कोटाचे अस्तर आठ वर्षे लोंबते आहे, मला बघवत नाही.

४. पहिल्या संशोधकांवर राग नाही. ते नाही म्हणाले नसते तर मी बरणी भरलीच नसती.

५. भाताच्या शेतीसाठी जमीन मागायला शेजारी येतीलच. त्यांना कॉफी द्यावी, जमीन देऊ नये.

६. अद्रोआल्दोंना मी त्यांच्या हयातीतच माफ केले. शेवटच्या दोन हिवाळ्यांत ते रोज सकाळी त्या पाण्याशी जाऊन बसत, आणि परत येऊन मला किती नर दिसले ते सांगत. ते सांगणे ऐकायला मिळाले, यात मला सगळे मिळाले.

७. मी उन्हाळ्यात गेले, तर अंत्ययात्रेच्या गाड्या मागच्या मोकळ्या जागेत लावू नयेत. तिथे तडे गेलेल्या मातीशिवाय काही दिसणार नाही. तरीही लावू नयेत. लोकांनी रस्त्यावरून चालत यावे.

वर लिहिलेले मला वाचून दाखवले, ते माझेच आहे.

सही: इदालिना फागुंदेस

साक्षीदार: एलोई बितेंकूर, शिक्षिका
साक्षीदार: निल्सन क्रोलो, गुरांचे डॉक्टर

झुल्मीरा स्वतः वारस असल्यामुळे तिला साक्ष देता येत नाही. ती नुसती हजर होती. वाचन संपल्यावर म्हणाली, "सातवं कलम मी नाही ऐकलं," आणि ते पुन्हा वाचू दिले नाही.

पासो दा फिगेइरा, १४ फेब्रुवारी २०१९